सीलबंद कोरफड

कोरफड मरत नाही, असं मला आतापर्यंत चौदा माणसांनी सांगितलं आहे. त्यातल्या अकरा जणांनी हे वाक्य माझ्या कोरफडीकडे बघत सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

खरं तर ते झाड माझं नव्हतंच. ते आलं होतं माझ्या सासऱ्यांसाठी. झटका येऊन गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. उजवी बाजू गेली होती. पाय महिन्याभरात परत आला, बोलणं त्याच्याही आधी परत आलं (जरा जास्तच आलं असं माझं मत आहे, पण ते मी घरात मांडत नाही). उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाने एका हातावर भागवलंही असतं. पण अडीच महिन्यांनी त्यांना पेन्शन कचेरीत जाऊन हयातीच्या दाखल्यावर सही करायची होती. सही जुन्या सहीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर अंगठा.

"अंगठा मी लावणार नाही," सासरे म्हणाले. "पेन्शन बंद झाली तरी बेहत्तर."

हा माणूस अडतीस वर्षं सरकारी गोदामाच्या मोठ्या काट्यावर बसलेला. दिवसाला दोनशे पावत्या आणि दोनशे सह्या. अंगठा लावण्यापेक्षा आपण हयात नाही असं कळवून टाकलेलं बरं, हे त्यांनी एकदा चहा पिता पिता अगदी शांतपणे सांगितलं. बायको कप उचलायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी स्वतः वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असेल त्याला तार ओवून शिशाचं सील मारायचं, नसेल त्याच्यावर 'नापास' असा शेरा मारायचा. म्हणजे सासरे काट्यावर बसणारे आणि मी काटे तपासणारा. आमच्या नात्यात गोडवा कमी असेल तर त्याचं मूळ तिथे आहे, स्वभावात नाही. बायको म्हणते स्वभावात आहे.

तर हात. दर पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सासऱ्यांना एक पिवळा रबरी चेंडू दिला.

"हा कोणाचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमचाच आजोबा. दिवसातून शंभर वेळा दाबायचा."

सासऱ्यांनी चेंडूकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे, जणू ही कल्पना माझीच होती. दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटाखाली गेला आणि तिथेच राहिला. बायकोने काढून दिला की तो पुन्हा कपाटाखाली जायचा. शेवटी बाई म्हणाल्या, निदान एखादं झाड तरी आणा, मन रमेल. बायकोने रोपवाटिकेतून कोरफड आणली, कारण ती मरत नाही. सासरे म्हणाले, "हिच्याशी मी काय बोलू?" आणि वर्तमानपत्र उघडलं. कुंडी दोन दिवस चपलांच्या स्टँडशेजारी पडून राहिली. मला दया आली. मी तिला ताब्यात घेतलं. या एका दयेपायी पुढचं सगळं घडलं.

सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. कुंडी वजन करून घेतली: चार किलो दोनशे दहा ग्रॅम. घरात प्रमाणित मापं असतातच, त्यातलं शंभर मिलीलिटरचं काढलं आणि रोज सकाळी सात वाजता अचूक शंभर मिलीलिटर पाणी घालायला लागलो. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. दहा दिवसांत खालची पानं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली. मी कुंडीचं पुन्हा वजन केलं. वजन वाढलं होतं. झाड बाळसं धरतंय असा मी निष्कर्ष काढला आणि तो जेवताना सगळ्यांना सांगितला.

"बाळसं नाही, सूज आहे ती," सासरे म्हणाले. बोलणं परत आलंय म्हटलं ना मी.

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी इमारत हवामान खातं म्हणते, कारण ते कशाबद्दलही अंदाज देतात आणि नंतर तो दिलाच नव्हता असं सांगतात. ते रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र न्यायला येतात. त्यांनी कुंडीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाले, "मुळं कुजली. उपटा, सुकवा, वाळूत लावा." मी उपटली. दिवाणखान्यात कागद पसरून तिला आडवी ठेवली. पानांचे काटे मनगटापासून कोपरापर्यंत लागले. एक पान मोडलं, त्यातून पिवळा चीक निघाला, तो शर्टावर पडला आणि शर्ट मी तसाच घालून कचेरीत गेलो, कारण सकाळी तो डाग दिसत नव्हता. दुपारपर्यंत तो चांगला तपकिरी झाला. एका दुकानदाराने मला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं, "साहेब, बरं आहे ना घरी?" वीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं मायेने विचारलं नव्हतं. त्याचा काटा मात्र चाळीस ग्रॅमने चुकीचा निघाला.

वाळूत लावलेल्या कोरफडीला ऊन हवं, हे हवामान खात्याचं पुढचं म्हणणं. मी तिला बाल्कनीच्या कठड्यालगतच्या फळीवर कडक उन्हात ठेवलं. चार दिवसांत ती तांबडी झाली. "मी कोवळं ऊन म्हणालो होतो," हवामान खातं म्हणालं. मग मी पडदा लावला. सावली मिळाल्यावर झाड जगलं, हिरवं झालं, मधून नवं पानही फुटलं, आणि मला आयुष्यात कधी नव्हे तो आपल्या हातून काही वाढतंय याचा आनंद झाला. मी तो लपवला नाही. कचेरीत तीन जणांना फोटो दाखवले.

पण ते वाकायला लागलं. पडद्याच्या फटीतून जिकडून उजेड यायचा तिकडे सगळं झाड कललं. मी कोनमापक लावून पाहिलं. सतरा अंश. आता दुसऱ्या कुणाच्या घरी झाड सतरा अंशांनी वाकलं तर ते चालून जाईल. ज्याची हयात काट्याची दांडी समतल आहे की नाही हे बघण्यात गेली त्याच्या घरी ते कसं चालावं? मी चार बाजूंना चार पट्ट्या रोवल्या, सुतळीने पानं बांधली आणि वरून ओळंबा सोडला. सासरे काठी टेकत बाल्कनीच्या दारात आले, बराच वेळ बघत राहिले.

"हिलाही झटका आला का?"

"नाही बाबा. आकार देतोय तिला."

"हं," ते म्हणाले. "औषध कोणाचं चालू आहे?"

कुठेतरी वाचलं की बांधाबांधीपेक्षा सोपा उपाय आहे: कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा उजेड मिळतो आणि झाड सरळ वाढतं. मला हे फार पटलं. यात माप होतं. कुंडीच्या काठावर मी लाल शाईने एक खूण केली. रविवारी खूण बाहेरच्या बाजूला, पुढच्या रविवारी डावीकडे, असं वेळापत्रक करून बाल्कनीच्या दाराला चिकटवलं.

सोमवारी संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर खूण आतल्या बाजूला.

मी ती पुन्हा बाहेर केली. मंगळवारी ती उजवीकडे. बुधवारी कुठेतरी अधेमधे. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "अहो, मी दिवसभर शाळेत असते. मुलं फिरवतात मला, मी कुंडी कुठे फिरवू?" हवामान खात्याला विचारलं. ते म्हणाले पृथ्वी फिरते, तिचा परिणाम असणार, आणि मी जरा तिरकस हसलो तर म्हणाले, "म्हणजे मी फिरवतो असं म्हणायचंय का तुम्हाला?" मला तेच म्हणायचं होतं, पण असं विचारल्यावर माणूस काय बोलणार? मी काहीच बोललो नाही आणि तेवढ्यावरून ते रागावले. तीन दिवस वर्तमानपत्र न्यायला आले नाहीत. सासऱ्यांनाही मी विचारलं.

"बाबा, दुपारी कुंडीला कोणी हात लावतं का?"

"माझ्यादेखत तरी कोणी नाही," सासरे म्हणाले आणि पान उलटलं.

याच सुमारास फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी आपली दोन बोटं सासऱ्यांच्या उजव्या मुठीत दिली. "दाबा आजोबा," म्हणाल्या, आणि लगेच "आई गं!" असं ओरडल्या. बोटं खरोखर वळली होती. घरात नुसता आनंदीआनंद. बायको म्हणाली तेलाच्या मालिशचा गुण. दारातून हवामान खातं म्हणालं (राग संपला होता) की हे होणार असं आपण आधीच सांगितलं होतं. मी घरातल्या शिस्तीचा उल्लेख केला. सासरे एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, पण माझं सगळं लक्ष लाल खुणेवर होतं.

त्यात सोसायटीची नोटीस आली. आमचे सेक्रेटरी एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना जगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर पडताना दिसते. 'बाल्कनीच्या कठड्यालगत ठेवलेल्या कुंडीबाबत खुलासा करावा.' मी खुलासा केला. मग त्यांनी अर्ज मागितला, तीन प्रतींत. अर्जात रकाने होते: वस्तूचे नाव, वजन, उंची, वस्तू स्थिर आहे की फिरती. इतर रकाने मी अभिमानाने भरले, वजन तर ग्रॅमपर्यंत. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. आठवडाभर जे चाललं होतं ते पाहता 'स्थिर' लिहिणं खोटं झालं असतं, आणि मी सरकारी नोकर.

"फिरती?" सेक्रेटरींनी चष्मा काढला. "फिरती वस्तू कठड्याजवळ? खाली लोक चालतात, साहेब! तारेने बांधून घ्या, मी तपासायला येतो."

मी बांधून घेतली. कुंडीच्या काठाला दोन भोकं पाडली, तार ओवली, कठड्याच्या लोखंडी गजाला पीळ दिला. आणि मग माझ्या मनात आलं की पीळ कोणीही सोडू शकतो. खोलीत माझी दौऱ्याची पिशवी होती, पिशवीत सीलचा चिमटा होता, शिसं होतं. सरकारी चिमटा घरच्या कुंडीला वापरणं नियमात बसत नाही, कबूल. पण गेले काही दिवस कोणीतरी मला माझ्याच घरात मूर्ख बनवत होतं. मी तारेची टोकं शिशात घातली आणि चिमटा दाबला. शिशावर खात्याचा शिक्का उमटला. सेक्रेटरी येऊन पाहून गेले. इतकी पक्की कुंडी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

खूण हलायची थांबली. पहिल्या दिवशी संध्याकाळी लाल ठिपका जागच्या जागी पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी शीळ घातली. सासरे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशीही तसेच होते. चार दिवसांनी ते वर्तमानपत्र उघडेनात. माझ्या जेवणावर, शर्टावर, कचेरीवर त्यांची काही टिप्पणी येईना. घरात इतकी शांतता मी लग्नापासून मागत होतो, आणि मिळाली तेव्हा ती मला सोसवेना. "बाबांचं काहीतरी बिनसलंय," बायको म्हणाली. मी म्हणालो हवा बदलते आहे. हे हवामान खात्याचं मत होतं.

मग फिजिओथेरपिस्ट बाई त्यांच्या पंधरवड्याच्या फेरीला आल्या. बोटं मुठीत दिली. "दाबा आजोबा." काही झालं नाही. त्यांनी एकेक बोट सरळ करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"परत आखडलाय हात. काय बंद केलंत तुम्ही? काहीतरी चालू होतं ते बंद झालंय."

"काही नाही हो," बायको म्हणाली. "तेल रोज लावते मी."

"तेलाने नाही. हात वापरात होता. आजोबा, काय करत होता?"

सासऱ्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. बायको त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली. "बाबा, सांगा ना."

"कुंडी फिरवत होतो," सासरे म्हणाले. "आता सील लागलं तिला."

आम्ही सगळे बाल्कनीकडे बघायला लागलो.

"तुम्ही सगळे गेलात की जायचो बाल्कनीत," ते हळूहळू सांगायला लागले. "पट्ट्या बांधल्या होत्या तेव्हापासूनच. पहिले दोन दिवस नुसता हात ठेवला काठावर. मग बोटभर सरकली. मग पाव फेरा. तेवढ्यात यांचं वेळापत्रक लागलं दारावर, म्हटलं हे काम आपणच करू. सील लागलं त्याच्या आदल्या दुपारी अकरा फेरे झाले होते. न थांबता."

"मग मला सांगायचं नाही का?" बायकोचा आवाज चिरकला.

"जमलं नसतं तर तू आत जाऊन रडली असतीस. आणि यांनी," त्यांनी मान माझ्याकडे वळवली, "तक्ता केला असता."

हे इतकं खरं होतं की माझ्या डोक्यात तक्त्याचे रकाने त्या क्षणीही आखले जात होते.

"अहो, पण तार होती ती बाबा! ओढली असती, पीळ सोडवला असता..." मी म्हणालो.

"तारेला सील होतं," सासरे म्हणाले. "खात्याचं. मला वाटलं तुम्हाला कळलं मी हात लावतो ते. झाड तुमचं. आवडलं नसेल."

मी आजवर शेकडो काट्यांवर नापासाचा शेरा मारला आहे. पण इतका नापास मी स्वतः कधी झालो नव्हतो. ज्यांच्यासाठी झाड आणलं त्यांच्याकडून ते मी घेतलं होतं, आणि वर सरकारी शिक्का मारला होता. मला फार लाज वाटली. मी धावत स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि बाल्कनीत जाऊन तारेला लावली.

"थांबा!" सासरे गरजले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला. "सील असं तोडतात? अडतीस वर्षांत माझ्या काट्याचं सील कोणी लेखी हुकमाशिवाय तोडलं नाही. चोर आहात की निरीक्षक?"

मी कात्री खाली ठेवली. टेबलाशी बसलो, कागद घेतला आणि लिहिलं:

'एक नग कोरफड, कुंडीसह, हिला निम्नस्वाक्षरीकर्त्याने पुरेशी चौकशी न करता सील केले होते. सदर सील चुकीचे असल्याने ते तोडण्याचा अधिकार मूळ ताबेदार यांना देण्यात येत आहे. झाल्या त्रासाबद्दल निम्नस्वाक्षरीकर्ता मनापासून क्षमा मागतो.'

सरकारी हुकमात क्षमेचं वाक्य नसतं. मला ते खोडावंसं वाटलं नाही. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. सासऱ्यांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर जरा थांबले.

"पकड आणा," ते म्हणाले.

ते उठून बाल्कनीत कुंडीपाशी गेले, बायकोने पकड आणली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, म्हणजे डाव्या हाताने उजव्यात बसवली आणि डावा हात पाठीमागे नेला. पकड पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. फिजिओथेरपिस्ट बाई पुढे सरकल्या, तर त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा पकडीचे जबडे तारेवर बसले. कपाळावर घाम आला, कोपर थरथरायला लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मी घड्याळ लावलं नव्हतं, हे विशेष. मग कट् असा आवाज झाला आणि शिसं फरशीवर घरंगळत गेलं.

"हुकमाची पोच?" सासरे धापा टाकत म्हणाले.

"पोच राहू दे हो बाबा, तुम्ही बसा आधी."

"राहू दे कशी? सील तुटलं, पोच पाहिजे. पेन द्या."

पेन त्यांनी डाव्या हातात घेतलं नाही. मी कागद फळीवर दाबून धरला. पहिलं अक्षर बऱ्यापैकी ओळीवर बसलं. दुसरं ओळ सोडून वर चढलं, तिसरं त्याच्यावर पडलं, आणि शेवटचा फराटा कागद संपून माझ्या अंगठ्यावर आला. पण ती सही होती. बायको या वेळी आत गेली नाही, तिथेच सगळ्यांसमोर उभी राहून रडली.

"छान आली बाबा," मी म्हणालो. "चालेल ही. कचेरीत मी बोलतो त्यांच्याशी."

सासऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी वीस वर्षं मागे, नोकरीच्या पहिल्या दिवशी जाऊन पोचलो.

"काय चालेल? निरीक्षक ना तुम्ही? जुन्या सहीशी जुळते का ही? नापास आहे." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "अजून एकोणीस दिवस आहेत. दुसरा कागद आणा."

मी आत गेलो आणि कागदांचा अख्खा गठ्ठाच घेऊन आलो.